अमेरिकेतील लष्करी न्याय आणि संघीय अभियोगाचे निकष

अमेरिकेत संघीय न्यायालयांपुढे खटला भरण्याचा निर्णय सरकारी वकील घेतो. सैन्यदलांत मात्र हा अधिकार परंपरेने सेनाधिकाऱ्याकडे राहिला. या दोन व्यवस्थांतील निकषांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संघीय निकष : न्याय विभागाने १९८० मध्ये संघीय अभियोगाची तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार गुन्हा घडल्याचे मानण्यास सबळ कारण असणे पुरेसे नाही. ग्राह्य पुराव्यावर आरोपी दोषी ठरण्याचा आणि तो निर्णय टिकून राहण्याचा संभव असावा लागतो. शिवाय, गंभीर गुन्ह्यांतील दोषारोप ग्रँड ज्युरीने मान्य करावे लागतात.

लष्करी निकष : लष्करी न्यायाची समान संहिता १९५० मध्ये संमत होऊन १९५१ पासून अमलात आली. संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीने सैन्यदलांतील खटले ग्रँड ज्युरीच्या अटीतून वगळले आहेत. सर्वोच्च दर्जाच्या कोर्ट मार्शलपूर्वी संहितेच्या कलम ३२ अन्वये प्राथमिक सुनावणी होते. तीत मुख्यतः सबळ कारणाचीच तपासणी होते. सेनाधिकारी शिस्तीचाही विचार करतो. त्यामुळे दोषसिद्धीचा फारसा संभव नसलेला खटलाही उभा राहू शकतो. अशा खटल्यात आरोपी सैनिकाची कारकीर्द आणि तक्रारदाराचा न्यायावरील विश्वास, दोन्ही पणाला लागतात.

निकषांचे सान्निध्य : २०१६ च्या सुधारणा कायद्याने संहितेत नवे कलम ३३ समाविष्ट केले. त्यानुसार, संघीय तत्त्वे विचारात घेऊन तयार केलेली मार्गदर्शिका १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. दोषसिद्धीस पुरेसा ग्राह्य पुरावा आहे काय, हा प्रश्न तीत विचारार्ह घटक ठरला. पुढे २०२१ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्यानुसार खून, बलात्कार, कौटुंबिक हिंसा आदी गुन्ह्यांतील निर्णय २८ डिसेंबर २०२३ पासून विशेष लष्करी अभियोक्त्यांकडे सोपविण्यात आला. सेनाधिकाऱ्यांच्या अधिकारश्रेणीपासून त्यांना स्वतंत्र ठेवण्यात आले.

निष्कर्ष : कलम ३३ ची मार्गदर्शिका बंधनकारक नाही, संघीय तत्त्वांवरूनही आरोपीला न्यायालयात हक्क सांगता येत नाही. म्हणूनच निकषाच्या शब्दांइतकेच, तो लागू करणाऱ्याचे विधिज्ञान आणि स्वातंत्र्य महत्त्वाचे ठरते. २०२३ मधील बदलाचे खरे मर्म यातच आहे.