डार्विनचे साक्षीदार नाशकात

उत्क्रांतीचा पुरावा म्हटलं की गॅलापागोस बेटांवरची पाखरं आणि लंडनच्या संग्रहालयातले सांगाडे आठवतात. पण इतकं लांब कशाला? निफाडजवळचा गोदेचा काठ, दिंडोरीची द्राक्षबाग, लासलगावचा कांदा, सुरगाण्याच्या दवाखान्यातला रक्ताचा थेंब... एकट्या नाशिक जिल्ह्यात साक्षीदारांची रांग लागते. अधूनमधून जिल्ह्याची वेस ओलांडू, पण फार वेळ नाही.

झाकण घातलेलं तळं

ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंग, साल्हेर हे सगळे डोंगर लाव्हाचे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, त्यांत बेडूक, गोगलगाई, पाणवनस्पती वाढत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळ्यावर झाकण घाली.

मुंबईत वरळीच्या टेकडीत असंच एक तळं सापडलं आणि त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेन यांनी. ‘डायनोसॉर’ हे नाव देणारे आणि पुढे डार्विनचे कडवे विरोधक झालेले तेच हे ओवेन. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा अजून १२ वर्षं होती.

कोणत्या गोष्टीने तुमचा उत्क्रांतीवरचा विश्वास उडेल, असं कुणी तरी जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, सस्तन प्राण्यांच्या कितीतरी आधीच्या, प्रीकॅम्ब्रियन काळाच्या खडकात ससा सापडला तर. (शेवटच्या वर्षांत हाल्डेन भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) आपल्याकडे हीच पैज अशी लावता येईल: वरळीच्या बेडकांशेजारी हत्तीचा एक दात दाखवा. जगभरात पावणेदोनशे वर्षं खोदाई चालली आहे, हजारो थर उघडले गेले, पण ही पैज कुणी जिंकलेली नाही. सिद्धान्त भक्कम आहे तो यामुळे. एका दाताने कोसळेल अशी अट तो स्वतःवर घालून घेतो आणि तरी उभा राहतो.

डायनोसॉरची लीद

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत गवताच्या पानांतले वाळूसारखे सिलिकाचे कण! किमान पाच प्रकारच्या गवतांचे, आणि त्यांत भाताच्या गोतावळ्यातलंही गवत. हा निष्कर्ष २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. गवत डायनोसॉर संपल्यानंतर पसरलं, असं तोवर मानत. ती समजूत विदर्भातल्या लिदीने मोडली. इगतपुरीच्या भातखाचरातल्या लोंबीची भाऊबंदकी थेट डायनोसॉरच्या काळात जाते, याहून चटकदार बातमी मला तरी माहीत नाही.

नांदूरमधमेश्वरचा महाकाय

आता पुन्हा गोदेवर. नांदूरमधमेश्वर आज सगळ्यांना ठाऊक आहे ते पक्ष्यांमुळे. २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ते हेच. पण भूशास्त्रज्ञांना हे गाव सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये गोदावरीच्या गाळात मिळालेल्या एका प्रचंड हत्तीच्या अवशेषांवर निबंध लिहिला. पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव. मांडीच्या हाडावरून त्याची खांद्याजवळची उंची साडेचार मीटरच्या आसपास धरली जाते. आजचा मोठा आशियाई नर साधारण पावणेतीन मीटर भरतो.

वाटेल, की हा आपल्या हत्तीचा पणजोबा. तसं नाही. याच वंशातल्या युरोपीय हत्तीच्या हाडांतून २०१७ मध्ये डीएनए काढला गेला, आणि त्याचं जवळचं नातं निघालं आफ्रिकेतल्या जंगली हत्तीशी. म्हणजे गोदाकाठचा हा महाकाय आपल्या हत्तीचा दूरचा चुलतभाऊ. त्याची फांदी वाढली आणि खुडली गेली. वंशवृक्ष शिडीसारखा सरळ वर चढत नाही, तो वडासारखा फुटत जातो.

त्याच पाणथळीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की त्यांचा पंख नीट पाहा. खांद्याकडे एक हाड, पुढे दोन, मग लहान हाडांची जुडी आणि बोटं. वटवाघळाच्या पंखात हीच मांडणी, देवमाशाच्या वल्ह्यात हीच, आणि दुर्बीण धरलेल्या तुमच्या हातातही हीच. उडणं, पोहणं आणि धरणं या तीन वेगळ्या कामांना एकच आराखडा का, याचं सरळ उत्तर एकच आहे: पूर्वज एक.

गंगापूरची हातकुऱ्हाड

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ गोदेच्या खडीत डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांना दगडी हत्यारं सापडली: हातकुऱ्हाडी, फरश्या, छिलके. १९५२ मध्ये त्यावर पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राच्या अश्मयुगाला पत्ता मिळाला. या घडणीची हत्यारं तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची निघाली आहेत. आपल्या जातीचा, होमो सेपियन्सचा, सर्वांत जुना पुरावा मात्र मोरोक्कोतला, सुमारे ३ लाख वर्षांचा. हिशोब स्पष्ट आहे: दोन्ही बाजूंनी छिलके उडवून धार काढायचं हे कसब आपल्याआधीच्या माणसांनी शोधलं. त्यांच्यापैकी एकाची कवटी १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोऱ्याला मिळाली.

डोळ्यांदेखत उत्क्रांती

उत्क्रांती कुणी घडताना पाहिली आहे का, हा हमखास येणारा प्रश्न. पिंपळगाव-दिंडोरीच्या बागायतदाराला विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की द्राक्षावर डावणी हा रोग येतो. फवारणीचा खर्च चढत जातो आणि एक दिवस तो म्हणतो, “हे औषध आता लागू पडत नाही.” हे वाक्य म्हणजे नैसर्गिक निवडीचा अस्सल मराठी अहवाल.

आत घडतं ते असं. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं रोगजंतूच्या एकाच प्रथिनाला पकडतात. त्या प्रथिनातल्या १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आलं की पकड सुटते. कोट्यवधी बीजाणूंमध्ये असा एखादा आधीच असतो. फवारणी बाकीच्यांना मारते आणि त्याला रान मोकळं करून देते. ही औषधं १९९६ च्या सुमारास बाजारात आली आणि मोजक्या वर्षांत युरोपच्या बागांत डावणी त्यांना पुरून उरली. मग महाराष्ट्रातही तेच दिसलं.

याउलट मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून वापरात आहे, आणि अजून चालतं. तांबं एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. इतके सगळे बदल एकाच बीजाणूत एकदम जुळून येणं जवळपास अशक्य. औषधाचा गट बदलत राहा, हा कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला उत्क्रांतीच्या गणितातून आलेला आहे.

आणखी एक गंमत: डावणीला सगळे बुरशी म्हणतात, पण डीएनएच्या साक्षीने तिची खरी सोयरीक समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी निघते. द्राक्षावरचा दुसरा रोग, भुरी, मात्र खरी बुरशी.

कापसाचीही हीच कथा. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी वाण २००२ मध्ये आलं, त्यात पुढे दुसरं जनुक घातलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने दोन्हींना दाद दिली नाही.

बदल नेहमी नुकसानीचाच असतो असं मात्र नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या बागेत थॉमसन सीडलेसच्या वेलीवर लांबट मण्यांचे घड दिसले. त्यातून ‘सोनाका’ जात उभी राहिली. निसर्गाने बदल केला, शेतकऱ्याच्या नजरेने तो टिपला. डार्विनने आपल्या ग्रंथाची सुरुवात केली ती माणसाने केलेल्या अशाच निवडीपासून.

कांद्याची कसोटी

नाशिकचा शेतकरी हेच कांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या करत आला. चाळीत महिनोन्‌महिने टिकलेला, न सडलेला, एका डोळ्याचा कांदा बियाण्याला ठेवायचा. डेंगळे लवकर धरणारा बाजूला. निफाडच्या संशोधन केंद्रात स्थानिक कांद्यांतून निवडलेल्या एन-५३ आणि एन-२-४-१ या जाती याच मार्गाने आल्या.

पण खरा धक्का कांद्याच्या पेशीत आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. कांद्याच्या? सुमारे १६ अब्ज! आपल्या पाचपट. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ रायन ग्रेगरी यांनी २००७ मध्ये यावरून ‘कांद्याची कसोटी’ मांडली: डीएनएमधलं प्रत्येक अक्षर कामाचं असेल, तर कांद्याला माणसाच्या पाचपट अक्षरं कशाला लागतात? कांद्याच्या जनुकसंचाचा बहुतेक भाग स्वतःच्या नकला काढत उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा आहे. विचारपूर्वक लिहिलेल्या मजकुरात असा पसारा नसता. दीर्घ इतिहासात तो साठत जातो.

एकच चूक, एकच जागा

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली. पोथ्यांचे अभ्यासक एक गोष्ट जाणतात: दोन पोथ्यांत एकाच जागी एकच हस्तदोष असेल, तर दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या. जनुकांचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरात तयार करतात. माणसात त्याचं जनुक आहे, पण मोडलेलं. चिंपांझीत आणि माकडांतही ते मोडलेलं आहे, आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात. आवळा, पेरू, लिंबू आपल्याला लागतात ते या जुन्या मोडतोडीमुळे.

पूर्वजांकडून उरलेली अशीच एक खूण मनगटातही पाहता येते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवा. मधोमध दोरीसारखा स्नायुबंध वर आला? काहींच्या हातात तो नसतोच, आणि त्यांचं काही अडत नाही. शल्यविशारद तो काढून दुसरीकडे वापरतात.

सुरगाण्याचं रक्त

हा साक्षीदार गंभीर आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पट्ट्यात आणि नंदुरबारमध्येही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक आढळतं. आई आणि वडील दोघांकडून ते आलं तर मूल आयुष्यभर वेदना सोसतं. असं घातक जनुक नाहीसं का झालं नाही? मलेरियाचा काही रक्तविकारांशी संबंध असावा, हा तर्क हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की सिकलसेलची एकच प्रत असणाऱ्याला, म्हणजे वाहकाला, मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे डासांचं रान, तिथेच हे जनुक टिकलं. निवड तात्पुरता जीव वाचवते, त्याची किंमत मात्र पुढच्या पिढीतलं एखादं मूल मोजतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या पट्ट्यात लग्नाआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि तिची लाज वाटू नये.

शेवटी एक विनंती

गोदेच्या ज्या खडी-वाळूने हत्ती आणि हातकुऱ्हाडी जपल्या, तीच खडी-वाळू आज उपसली जाते. थर एकदा उलटापालट झाला की कोणता जीव कोणत्या काळचा हे सांगता येत नाही. नदीकाठी फिरताना दगडासारखं जड हाड किंवा धार काढलेला दगड दिसला, तर उचलून घरी आणू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा.