नाहीशा झालेल्या नारिंगी प्रकाशाचा माग

२ ऑगस्ट २०१४. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं टोलेडो शहर जागं झालं ते एका इशाऱ्यानं : नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. चार लाखांहून अधिक माणसांच्या घरात पाणी येत होतं, पण ते तोंडाला लावायची सोय नव्हती. त्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला इजा करणारं विष उतरलं होतं. उकळल्यानं ते नष्ट होत नाही. उलट पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा तेव्हा होती लिटरमागे अवघा १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग!

हे विष तयार करणारा जीव म्हणजे मायक्रोसिस्टिस. आपण त्याला नीलहरित शैवाल म्हणतो, पण तो खरा जिवाणू. त्याच्या असंख्य पेशी चिकट द्रवात गुंतून एकत्र राहतात. टोलेडोला पाणी पुरवणाऱ्या ईरी सरोवराचं उन्हाळ्यातलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, तर हे पुंजके रव्याच्या हिरव्या दाण्यांसारखे तरंगताना दिसतात. प्रत्येक पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ती वर येते. दिवसभर ऊन खाऊन पेशीत पिष्टमय पदार्थ साठले की ती जड होऊन खाली बसते. रात्री तो साठा खर्च झाला की पुन्हा वर. वारा पडलेला असेल तर सकाळी पाण्यावर हिरवा तवंग, आणि वारा सुटला की सगळं खालच्या पाण्यात मिसळून दिसेनासं. ज्याला ना डोळे ना मेंदू, तो जीव उजेडासाठी रोज अशी ये-जा करतो!

अशा चंचल जिवावर पाळत ठेवायची कशी? उपग्रह हे काम करतात आणि फार मोलाचं करतात. पण या कामी नेहमी वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-३ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका पाण्यावर ३०० मीटर लांब-रुंद असतो. शिवाय ढग आले की खालचं काही दिसत नाही. टोलेडोचं पाणी उचललं जातं ते किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, एका ठरावीक जागी. २०१४ साली वाऱ्यानं आणि प्रवाहानं हिरवा पट्टा नेमका तिथं लोटला. म्हणजे शैवाल किती माजलंय एवढं कळून भागत नाही. आज ते कुठं आहे, हे कळावं लागतं.

इथं ड्रोन कामाला येतो. ढगांच्या खालून, शंभर-सव्वाशे मीटर उंचीवरून तो उडतो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका वीतभरही नसतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा अशी फेरी मारता येते. पण खरी कमाल आहे त्याच्या कॅमेऱ्याची. हा कॅमेरा प्रकाशाचे निवडक पट्टे वेगवेगळे टिपतो. हरितद्रव्य तर सगळ्याच शैवालांत असतं. नीलहरित जिवाणूंत त्याच्या जोडीला फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य असतं. ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश गिळून टाकतं. पाण्यावरून परतलेल्या उजेडात नेमका तेवढाच प्रकाश कमी भरला, की ओळख पटली. जे आलं नाही, त्यावरून कोण आहे ते कळतं!

अर्थात हे वाचन सोपं नाही. उड्डाणाआधी एका राखाडी पाटीचा फोटो घेतात. ती किती प्रकाश परतवते हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्या दिवशीच्या उन्हाचं माप त्यावरून ठरवता येतं. सूर्य डोक्यावर असताना पाणी चमचमतं आणि कॅमेरा दिपतो, म्हणून वेळ सांभाळावी लागते. जमिनीवरचे फोटो रस्ते, झाडं, बांध पाहून एकमेकांना जोडता येतात. उघड्या पाण्यावर अशी एकही खूण नसते.

आणि एक गोष्ट कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही : विष. त्याला रंग नाही. त्याच जातीचे काही जीव विष बनवतात, काही बनवत नाहीत. म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासावाच लागतो. एवढ्या अफाट सरोवरात बाटली नेमकी कुठं बुडवायची, हे मात्र ड्रोन सांगतो. काही ड्रोन तर दोरीनं बाटली सोडून नमुनाही भरून आणतात.

मूळ दुखणं काठावरच्या शेतांत आहे. मॉमी नदी शेतांतलं फॉस्फरस वाहून आणते आणि सरोवराच्या उथळ, कोमट पश्चिम भागात या जिवांना मेजवानी मिळते. २०१५ साली ओहायो, मिशिगन आणि कॅनडातल्या ऑन्टारियोनं हे फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. खत वरून फेकण्याऐवजी मातीत घालणं, नदीकाठी गवताचे पट्टे राखणं, हे त्यावरचे उपाय. ड्रोन शहराला वेळेवर सावध करील. सरोवर निरोगी करण्याचं काम मात्र नांगराच्या तासातच करावं लागेल.