बटाट्यावरील ‘बांगडी’ रोगाचा जिवाणू : पेशीरचना व अभिरंजन

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्याच्या पिकासाठी, तर शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ही दोन्ही पिके एकाच वनस्पतिकुलातील असून एकाच जिवाणूस बळी पडू शकतात. बटाट्यावरील त्याच्या रोगास ‘बांगडी’ असे नाव आहे. कारण रोगट बटाटा आडवा कापला असता सालीच्या आत थोड्या अंतरावर तपकिरी कडे दिसते. पुणे जिल्ह्यातील या रोगासंबंधी ई. एल. कॅपेल यांनी १८९२ साली टिपण प्रसिद्ध केले. भारतातील ही पहिली नोंद मानली जाते. रोगकारक जिवाणूचे वर्णन अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली केले. आज तो राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम या नावाने ओळखला जातो.

परंतु केवळ कडे पाहून रोगाचा निर्णय करता येत नाही. थंड हवामानाच्या देशांत क्लॅव्हिबॅक्टर सेपेडोनिकस हा जिवाणू बटाट्यात तसेच कडे निर्माण करतो. या दोहोंमधील भेद डोळ्यांस दिसत नाही. तो पेशीभित्तिकेत असतो आणि अभिरंजनाने प्रकट होतो.

जिवाणूपेशीत केंद्रक नसते. पेशीद्रव्यात गुणसूत्र व रायबोसोम असतात. त्यांभोवती पटल आणि पटलाबाहेर भित्तिका असते. क्लॅव्हिबॅक्टरच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो. अशा जिवाणूंत तो साधारणतः २० ते ८० नॅनोमीटर भरतो. राल्स्टोनियात तो अवघ्या काही नॅनोमीटरचा असून त्याच्या बाहेर मेदयुक्त असे आणखी एक पटल असते.

हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी बर्लिन येथे शोधून १८८४ साली प्रसिद्ध केलेली रीत याच भेदावर आधारलेली आहे. प्रथम वाळविलेल्या व उष्णतेने स्थिर केलेल्या लेपावर क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट ठेवावे. धन विद्युत्भाराचा हा रंग ऋणभारित पेशीघटकांस चिकटतो. लेप धुऊन त्यावर आयोडीन घालावे. त्यामुळे पेशीत रंगाचे मोठे संयुग तयार होते. नंतर अल्कोहोलने १० ते २० सेकंद धुवावे. जाड भित्तिका अल्कोहोलने निर्जलित होऊन तिची छिद्रे आकसतात व संयुग आत अडकते. पातळ भित्तिकेच्या पेशीत मात्र बाह्यपटलातील मेद विरघळतो आणि रंग निसटून जातो. शेवटी सॅफ्रॅनिन दिल्यावर क्लॅव्हिबॅक्टर जांभळा, म्हणजे ग्राम-धन, आणि राल्स्टोनिया तांबूस, म्हणजे ग्राम-ऋण दिसतो.

राल्स्टोनियाचा आणखी एक विशेष म्हणजे त्याच्या पेशीत पॉलि-बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या राखीव द्रव्याचे कण साठतात. ते सुदान ब्लॅक या रंगाने काळसर उठून दिसतात. पेशीबाहेर स्रवणाऱ्या बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्याने वनस्पतीच्या जलवाहिन्या तुंबतात व झाड कोमेजते. कापलेल्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात उभा धरला असता दुधी धागा खाली उतरताना दिसतो, तो याच द्रव्याचा व त्यातील जिवाणूंचा होय.

येथे विद्यार्थ्यांनी सावध राहिले पाहिजे. संवर्धन जुने असल्यास, अथवा अल्कोहोल अधिक वेळ ठेवल्यास ग्राम-धन पेशीही तांबूस दिसू लागतात. उलटपक्षी जाड लेपात ग्राम-ऋण पेशी जांभळ्या राहतात. म्हणून संवर्धन ताजे घ्यावे आणि त्याच काचपट्टीवर दोन्ही प्रकारच्या ज्ञात जिवाणूंचे लेप तुलनेसाठी करावेत. पडताळ्यासाठी तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात जिवाणू कालवून सळई वर उचलावी. ग्राम-ऋण पेशी फुटून त्यांतील डी.एन.ए.चा चिकट धागा ओढला जातो.

तरीही अभिरंजन जिवाणूचे नाव सांगत नाही. ते भित्तिकेची जात सांगते. ग्राम-ऋण जिवाणू असंख्य आहेत, म्हणून अंतिम निर्णय संवर्धन, रोगजनन-चाचणी व डी.एन.ए.-परीक्षेनेच करावा. या चिकाटीचे कारण व्यावहारिक आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या बियाण्यातही हा जिवाणू दडून राहतो, आणि एकदा जमिनीत शिरल्यावर त्याचे निर्मूलन करणारे खात्रीचे औषध नाही. बुरशीजन्य मर समजून बुरशीनाशक फवारणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च व्यर्थ जातो आणि रोग मात्र पुढील हंगामापर्यंत टिकतो. प्रयोगशाळेतील काचपट्टीवरील चुकीचा रंग अशा रीतीने शेतातील चुकीच्या निर्णयाचे मूळ ठरू शकतो.