मेंदूतील रक्तस्राव आणि एकवीस दिवसांचे औषध

आमच्या चोपड्याच्या लोकांना पूर्वी शापोरा नदी ओलांडण्यासाठी फेरीबोटीची वाट पाहावी लागे. आता पुलावरून शिवोली, म्हापसामार्गे आजाऱ्याला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेता येते. 108 ची गाडीही बोलावता येते. परंतु रुग्णालय गाठले म्हणजे धोका टळलाच, असे सर्व आजारांत नसते. मेंदूभोवतीचा रक्तस्राव हा असाच आजार होय.

मेंदूच्या बाहेरील रोहिणीला आलेला फुगा फुटून बहुधा हा रक्तस्राव होतो. एकाएकी असह्य डोके दुखते, वांती होते, मान ताठते, कधी शुद्ध हरपते. शल्यवैद्य फुग्याचे तोंड चिमट्याने बंद करतात किंवा तो बारीक तारेच्या वेटोळ्यांनी भरतात. घरच्यांना वाटते, सुटलो! पण सांडलेल्या रक्तातील द्रव्यांमुळे पुढे रक्तवाहिन्या आखडू लागतात. तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ही भीती विशेष असते. पाट गाळाने अरुंद झाला की टोकाचे वाफे सुकतात, तशीच मेंदूची गत होते. बोलणे अडखळते, हातपाय लुळे पडतात.

हे अनिष्ट टाळण्यासाठी निमोडिपीन नावाचे औषध देतात. 1989 साली ब्रिटनमध्ये 554 रुग्णांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. तीत औषध घेणाऱ्यांत रक्ताअभावी मेंदूचा भाग मरण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. आखडलेली वाहिनी त्याने मोकळी होतेच असे नाही. तरीही रुग्णाचे पुढील आयुष्य सुधारते, हे महत्त्वाचे.

नेहमीचे प्रमाण दर चार तासांनी 60 मिलिग्रॅम, एकवीस दिवस. आम्हा शिक्षकांना हिशेबाची खोड. म्हणून सांगतो, 30 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून सहा वेळा, म्हणजे एकूण 252 गोळ्या! त्यांत रात्रीच्या वेळाही आल्या. उपास असो वा रोजा, आजाऱ्याला त्यातून सूट आहेच.

या औषधाने रक्तदाब उतरू शकतो. तसे झाल्यास डॉक्टर मात्रा विभागून दर दोन तासांनी 30 मिलिग्रॅम देतात. हा बदल त्यांनीच करावा. चुकलेल्या वेळेची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या देऊ नयेत. पोटातून घ्यावयाच्या गोळीतील द्रव शिरेत टोचणे तर प्राणघातक ठरू शकते.

रुग्ण हसूबोलू लागला म्हणून सोळाव्या दिवशी गोळ्या थांबवणे हे शहाणपण नव्हे. घरात एकाने घड्याळ सांभाळावे, दुसऱ्याने वहीत वेळ टिपावी. बोलण्यात किंवा शुद्धीत फरक दिसताच विलंब न करता पुन्हा रुग्णालय गाठावे.