भिंतीचा लोणा

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरून आश्विनाचें ऊन तापूं लागलें, म्हणजे विटांच्या उघड्या भिंतींवर एक पांढरी, पिठासारखी भुकटी दिसूं लागते. भर पावसांत जी भिंत काळीसांवळी दिसत होती, तीच आतां कोणीं चुना शिंपडल्यासारखी दिसते. ह्यास आपल्याकडे लोणा लागणें असें म्हणतात. हा शब्द 'लवण' ह्या शब्दापासूनच आलेला आहे. तेव्हां ज्यांनीं हें नांव ठेविलें त्यांना ह्या विकाराचें मूळ बरोबर ठाऊक होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. आजचे घरमालक मात्र त्यास बुरशी समजतात, गवंड्यास दोष देतात, आणि शेवटीं सिमेंटचा गिलावा थापून मोकळे होतात. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं हल्लीं बांधकाम चाललें असेल, त्यांनीं तरी पुढील मजकूर आपल्या वडील मंडळींस वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे. कारण ह्या एका बाबतींत अज्ञानामुळें पुष्कळांचा पैसा दर वर्षीं मातींत जातो.

लोणा उत्पन्न होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पाण्यांत विरघळणारे क्षार, ते विरघळविणारें पाणी, आणि तें पाणी वाळून जाण्यास मोकळा पृष्ठभाग. वीट ही दिसावयास घट्ट, पण तिच्यांत केंसाहून बारीक अशा असंख्य नळ्या असतात. दिव्याची वात जसें तेल वर ओढिते, तसें ह्या नळ्या जमिनींतील पाणी वर ओढितात. तें पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगास येतें. तेथें ऊन व वारा पाण्यास उडवून नेतात. क्षारास त्यांना उडवितां येत नाहीं, म्हणून तो तेथेंच राहतो. मिठागरांत समुद्राचें पाणी आटून मीठ उरतें, तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें मिठागर उभें आहे! नीरा नदीच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी आल्यावर ज्या काळ्या जमिनी खारवट व चोपण झाल्या, त्यांचेंही कारण ह्याहून निराळें नाहीं.

आतां हे क्षार येतात कोठून? कांहीं विटेच्या मातींतच असतात. कांहीं भट्टींतील कोळशाच्या गंधकापासून भाजतांना तयार होतात. कांहीं सिमेंटांतून, कांहीं खाडीच्या न धुतलेल्या वाळूंतून, तर कांहीं खारट विहिरीच्या पाण्यांतून येतात. सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम ह्यांचीं सल्फेटें हीं त्यांत मुख्य होत. भिंतीला लागून गोठा किंवा उकिरडा असल्यास तेथून नायट्रेटें, म्हणजे सोऱ्याच्या जातीचे क्षार, भिंतींत शिरतात. बिहारांतील नोनिया लोक जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या आसपासची माती धुऊन तीपासून सोरा काढीत. आणि तो ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून बंदुकीच्या दारूसाठीं विलायतेस जाई. आपल्या भिंतीची खपली अशी एके काळीं लढायांच्या उपयोगीं पडे, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नव्या भिंतीवर पहिल्या एकदोन वर्षांत जो लोणा दिसतो, तो बहुधा निरुपद्रवी असतो. विटेंतले मूळचे क्षार संपले कीं तो आपोआप थांबतो. पण जो दर वर्षीं जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर पट्ट्यासारखा उमटतो, त्याची उपेक्षा करूं नये. तेथें क्षाराचा पुरवठा खालून चालूच असतो, आणि तो केवळ वर न सांठतां विटेच्या पोटांत, पृष्ठभागाच्या किंचित् आंत, स्फटिकरूपानें सांठूं लागतो. सोडियम सल्फेटाचा स्वभाव विशेष घातक आहे. कोरडा असतांना तो थोडी जागा व्यापितो; पण हवा थंड व दमट झाली म्हणजे त्याचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू धरून बसतो आणि त्याचें आकारमान सुमारें चौपट होतें. ३२.४ अंश सेंटिग्रेडच्या वर तो हें पाणी टाकून देतो. म्हणजे दिवसा आकुंचन, रात्रीं प्रसरण, असा क्रम चालून विटेचे पापुद्रे सुटतात आणि शेवटीं ती बोटानें चोळतां भुगा होते.

ह्याचें सर्वांत दुःखद उदाहरण सिंधमधील मोहंजो-दडो येथें आहे. १९२२ सालीं तेथें उत्खननास आरंभ झाला. पंढरपूरचे काशीनाथ नारायण दीक्षित ह्यांनींही १९२४-२५ सालीं तेथें खोदकाम केलें. ज्या भाजक्या विटा चार हजार वर्षांहून अधिक काळ मातीखालीं शाबूत राहिल्या, त्या उघड्या पडतांच कांहीं दशकांत ढांसळूं लागल्या. जमिनीखालीं क्षारही होता व ओलही होती. पण पाणी वाळण्यास वाट नव्हती. ती वाट मिळतांच आम्हीं वर सांगितलेली तिसरी अट पुरी झाली. १९८० सालीं हें स्थळ जागतिक वारशाच्या यादींत आलें. भूमिगत पाण्याची पातळी खालीं नेण्यासाठीं कूपनलिका खणण्यांत आल्या, तरी हवेंतील ओलावाच ह्या क्षारास पुरेसा असल्यानें तेवढ्यानें भागलें नाहीं. तेथें आजही एक अगदीं साधा उपाय योजितात: भिंतींवर मातीचा लेप देणें. क्षार विटेंतून त्या लेपांत येतो. लेप खराब झाला कीं काढून नवा देतात. वीट वांचावी म्हणून माती खर्ची घालावयाची, असा हा हिशेब आहे.

हाच हिशेब आमच्या लोकांना पटत नाहीं. त्यांना वाटतें, जें मऊ तें वाईट आणि जें कठीण तें चांगलें. म्हणून लोणा लागलेल्या भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा देतात, वर चकाकणारा तैलरंग लावितात. त्यामुळें पाण्याची बाहेर येण्याची वाट बुजते. पण पाणी कांहीं येण्याचें थांबत नाहीं. तें आणखी वर चढून गिलाव्याच्या वरच्या कडेशीं फुटतें, किंवा गिलाव्यामागें क्षार सांठवून तो फुगवितें व पाडितें. हल्लीं बाजारांत मिळणारे पारदर्शक जलरोधक लेपही ओल्या भिंतीवर लाविल्यास असाच घात करितात. पाण्यानें खसखसून धुण्याचाही फायदा नाहीं, कारण विरघळलेला क्षार पुन्हां विटेंत जिरतो. तेजाबानें धुणें तर त्याहून वाईट. तें चुन्याची दरज खातें, नवा क्षार मागें ठेवितें आणि हातडोळ्यांस इजा करितें.

तेव्हां पहिलें काम पाण्याचें मूळ शोधण्याचें. भिंतीस टेकून मातीचा ढीग किंवा फुलझाडांचा वाफा आहे काय? पन्हळ फुटली आहे काय? कुंपणाच्या भिंतीचा माथा उघडा असून पाऊस वरून आंत उतरतो काय? माती दूर करून चर उताराचा करावा, माथ्यावर दोन्ही बाजूंस थोडी पुढें आलेली उतरती फरशी बसवावी. नवें घर बांधतांना जोत्याच्या पातळीवर, बाहेरील जमिनीहून निदान १५ सेंटिमीटर उंच, ओल अडविणारा थर अवश्य घालावा. पुढें हजारों रुपये खर्चूनही ती उणीव पुरती भरून निघत नाहीं.

पाणी थांबल्यावर कोरड्या दिवसांत काथ्याच्या ब्रशानें लोणा कोरडाच झाडावा. तारेचा ब्रश वापरूं नये. झाडलेली भुकटी कागदावर किंवा सुपांत धरून दूर टाकावी. पायथ्याशीं पडूं दिल्यास पहिल्याच सरीबरोबर ती परत भिंतींत जाईल. खपली पाण्यांत विरघळत नसेल आणि लिंबाच्या रसाच्या थेंबानें फसफसत असेल, तर ती सिमेंट-चुन्याचा कार्बोनेट होय. ती बेताबेतानें खरवडावी. क्षार खोल गेला असल्यास कागदाच्या लगद्याचें किंवा स्वच्छ मातीचें, गोड्या पाण्यांत भिजविलेलें, बोटभर जाडीचें पोटीस भिंतीवर लावून वाळूं द्यावें आणि वाळल्यावर उचलून काढावें. असें तीनचार वेळां करावें लागतें. गिलावा हवाच असेल तर तो चुन्याचा द्यावा, आणि तो कांहीं वर्षांनीं बदलावा लागेल हें धरून चालावें.

विटा विकत घेण्यापूर्वीं त्यांची परीक्षा कोणाही विद्यार्थ्यास करितां येईल. उथळ भांड्यांत २५ मिलिमीटर ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यांत वीट उभी ठेवावी. पाणी शोषून वाळून गेलें कीं पुन्हां तितकेंच घालावें, आणि तेंही वाळूं द्यावें. मग पाहावें. पांढरें कांहींच न दिसल्यास उत्तम. पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्शापर्यंत असेल तर अल्प. अर्ध्यापर्यंत असेल तर मध्यम. अर्ध्याहून अधिक भाग पांढरा झाला, तर त्या भट्टीची गाडी दारांतूनच परत लावावी.