सागाला झालंय तरी काय?

मित्रांनो, आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. 'पतंग' म्हणजे संक्रांतीला उडवतात तो, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर होस्टेलमागच्या सागांना मस्त पालवी फुटली आणि आठवडा-दीड आठवड्यात ती गायब! उरल्या फक्त जाड शिरा. फांद्यांवरून धाग्याला लटकलेल्या अळ्या, खाली लावलेल्या गाड्यांवर बारीक काळे दाणे (ती अळ्यांची विष्ठा, मोहरी नव्हे). कुणी म्हणालं झाडं मेली, कुणी म्हणालं ताबडतोब औषध मारा. वॉचमन काका मात्र शांत. "अगं, फुटतील परत." मग मी लायब्ररी गाठली.

हा प्रताप हायब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाचा. पंख पसरले तर जेमतेम ३-४ सेंटीमीटर. पुढचे पंख वाळक्या पानासारखे राखाडी-तपकिरी. मागचे काळे, त्यावर नारिंगी-पिवळे पट्टे, पण बसल्यावर ते झाकले जातात. दिवसभर स्वारी झुडपात पानाआड लपलेली असते.

मादी कोवळ्या पानांवर, शिरांजवळ एकेक करून शेकडो अंडी घालते. कोवळीच पाने हवीत, कारण नुकत्याच जन्मलेल्या अळीला निबर पान चावत नाही. म्हणून तर पालवीचा मुहूर्त! दोनेक दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती पान नुसतं खरवडते. नंतर खरं इंजिनिअरिंग: पानाची कड कापायची, तो तुकडा दुमडायचा, रेशमी धाग्याने चिकटवायचा आणि त्या घडीत राहून खायचं. अळ्या विरळ असतील तर हिरवट असतात, गर्दी झाली की काळपट होतात. चार वेळा कात टाकून, दहा-बारा दिवसांनी ती धाग्यावरून खाली उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. आठवडाभरात पतंग तयार. एकूण तीन आठवडे, म्हणजे आपल्या एका सबमिशनपेक्षा कमी वेळ!

आता औषधाचं. मोठ्या अळ्या धाग्यावरून उतरताना दिसल्या, म्हणजे त्यांचं जेवण उरकलेलं असतं. तेव्हा फवारून पानं वाचत नाहीत, विष मात्र अळ्या टिपणाऱ्या पाखरांच्या पोटात जाऊ शकतं. झाड सहसा मरत नाही, पण फुकटात सुटतही नाही. केरळात निलंबूरच्या कोवळ्या सागलागवडीत संशोधकांनी पाच वर्षं मोजमाप केलं, तेव्हा लाकडाची सुमारे ४४ टक्के वाढ या अळीमुळे बुडाल्याचं दिसलं. तिथल्याच शास्त्रज्ञांना १९८०च्या दशकात या अळीला मारणारा एक विषाणू सापडला. त्याचाच फवारा करून अळी आटोक्यात आणायचे प्रयोगही झाले. जावा बेटावर लोक हे कोष चक्क तळून खातात. (मेस कमिटीने नोंद घेऊ नये!)

काकांचं खरं ठरलं, जुलैत सागांना पुन्हा पानं आली. पावसाळा सरताना त्याच पानांची जाळीदार लेस झालेली दिसली तर मात्र या पतंगाला दोष देऊ नका. तो दुसरा पतंग. त्याची अळी शिरा तशाच ठेवून मधलं हिरवं तेवढं खाते, आणि तिला निबर पान चालतं.