सलाइन लावा म्हणण्याआधी

गोड पेयांच्या खोक्यांवर यापुढे ‘ओआरएस’ हे नाव छापता येणार नाही, ही बातमी ऑक्टोबर 2025 च्या मध्यात गाजली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथून सुनावणीसाठी पुन्हा अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे आल्या, आणि प्राधिकरणाने महिनाअखेरीस आपलाच आदेश कायम ठेवला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांना रडू आवरत नव्हतं, तो व्हिडिओही बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. आठ वर्षांच्या लढ्यानंतरचं ते रडू होतं.

पालक ओआरएस समजून टेट्रापॅकमधलं पेय मुलांना पाजतात आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतात, हे डॉ. शिवरंजनी यांच्या लक्षात आलं तेव्हापासून त्या पत्रं लिहीत होत्या, व्हिडिओ करत होत्या. शेवटी तेलंगण उच्च न्यायालयात त्यांनी जनहित याचिका दाखल केली. एप्रिल 2022 मध्ये या नावावर बंदी आली आणि जुलैमध्ये तीच बंदी सैल झाली. नाव वापरा, पण हे पेय जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएस नाही, अशी सूचना छापा, एवढीच अट राहिली. मध्यरात्री निपचित पडलेल्या लेकराला कडेवर घेऊन मेडिकलच्या दुकानात उभ्या असलेल्या आईने ती बारीक ओळ वाचावी, अशी अपेक्षा एखादी सरकारी यंत्रणा कशी धरू शकते? तीन वर्षं ही सूट चालली. ती देणाऱ्यांना कुणीतरी जाब विचारायला हवा.

साखर थोडी जास्त झाली तर एवढा काय फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. ओआरएसची सगळी करामत साखर-मिठाच्या प्रमाणातच आहे. जुलाबात आतडं पाणी धरून ठेवत नाही, पण मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेण्याची त्याची वाट मात्र शाबूत असते. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. साखर प्रमाणाबाहेर झाली की उलटंच घडतं. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की त्यांना पाणी सुटतं, तसं शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. बाजारातल्या काही पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर असल्याचं डॉ. शिवरंजनी सांगत आल्या आहेत. शिवाय खरं ओआरएस हे औषध आहे आणि त्याला औषध म्हणूनच परवाना लागतो. ही पेयं विकली जात होती ती खाद्यपदार्थाच्या परवान्यावर.

ओआरएसचा उपाय ज्या परिस्थितीत सिद्ध झाला, तो इतिहास शाळेच्या पाठ्यपुस्तकात असायला हवा.

साल 1971. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्यासाठी होत्या दोन खोल्या आणि सोळा खाटा. बाकीचे रुग्ण जमिनीवर होते, त्यांच्याच उलट्या-जुलाबांत पडलेले. कोलकात्याहून गेलेले बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस त्या घाणीत गुडघे टेकून सलाइन लावत होते आणि सलाइनचा साठा संपत आला होता. तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देऊन भागतं हे तोवर प्रयोगांत दिसलं होतं. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी तर 1953 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये तसे अनुभव मांडले होते. पण एवढ्या मोठ्या साथीत, प्रशिक्षित माणसं हाताशी नसताना असं काही करण्याचं धाडस कुणी केलं नव्हतं. महालनबीसांनी ते केलं. 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे लिटरभर पाण्यासाठीचं माप. कोलकात्यात पुड्या भरल्या जात आणि गरम इस्त्रीने त्यांची तोंडं बंद केली जात. छावणीत ते मिश्रण तोटी लावलेल्या पिंपांमध्ये कालवलं जाई आणि रुग्णांचे नातेवाईक पेल्यांतून ते भरून नेत. लिटरमागे खर्च अकरा पैसे. अशा छावण्यांमध्ये शंभरातले तीसपर्यंत रुग्ण दगावत होते. महालनबीसांच्या पथकाने उपचार केलेल्यांत ते प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. पाणी पाजणारे हात बहुतेक आया-बहिणींचे होते.

‘लॅन्सेट’ने 1978 मध्ये या शोधाची गणना शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीसांना पद्मविभूषण जाहीर झालं 2023 मध्ये, ते गेल्यानंतर काही महिन्यांनी. त्यांच्या हयातीत देशाने त्यांची कदर केली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बांगलादेशने पुढचं पाऊल टाकलं. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 ते 1990 या दशकात घरोघर फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना त्यांनी चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे गणित शिकवलं. या कार्यकर्त्यांचं मानधन किती घरं केली यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरं कुणी अचानक जाऊन त्या आयांना प्रश्न विचारी, त्यांच्याकडून पाणी करवून घेई, आणि आईच्या लक्षात किती राहिलं आहे त्यावर कार्यकर्तीचे पैसे ठरत. आपल्याकडे पावसाळ्यात आशाताई घरोघर पाकिटं पोचवतात, हे मोलाचं काम आहे. पण पाकीट पोचल्यावर त्या घरात ते नीट कालवता येतं का, हे तपासण्याचाही मोबदला त्यांना मिळायला हवा.

कारण ‘ओआरएस’ हे नाव बचावलं, तरी ते न देण्याची सवय तशीच आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे 61 टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. उरलेल्या मुलांना ते का मिळत नाही? 2024 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने यावर फार मोलाचा प्रकाश टाकला आहे. संशोधकांनी कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक डॉक्टरांकडे मुलाच्या वडिलांची भूमिका करणारी माणसं पाठवली. ओआरएस न देण्याचं सर्वांत मोठं कारण निघालं डॉक्टरांचा समज: पेशंटला हे नकोच असतं. न दिलेल्यांतला 42 टक्के वाटा या एका समजाचा. साठा नसणं आणि दुसरी औषधं विकण्यातली कमाई ही कारणं प्रत्येकी पाच-सहा टक्क्यांवरच थांबली. आलेल्या माणसाने स्वतःहून ओआरएसचा विषय काढला, तर ते मिळण्याचं प्रमाण शंभरात 27 ने वाढलं. प्रत्यक्षात अनेक पालकांना ओआरएस चांगलं वाटतं, पण तोंडाने ते मागणारे फार थोडे.

आपल्या गावातल्या दवाखान्यात काय चालतं ते आठवा. अंगात त्राण नाही, ‘सलाइन लावा म्हणजे तरतरी येईल’, असं आपणच म्हणतो. एक सुई, एक बाटली, तासभर खाट, मग बरं वाटतं. डॉक्टरही नाही म्हणत नाहीत, कारण नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, शॉकमध्ये असेल तर सलाइन जीव वाचवतं आणि तिथे क्षणाचाही उशीर नको. पण जे पिऊ शकतं त्याच्या पोटातून गेलेलं पाणीही रक्तातच पोचतं, आणि त्यासाठी सुई टोचावी लागत नाही.

ओआरएस कालवताना एक लिटरच्या पाकिटाला एक लिटरच पाणी, उकळून गार केलेलं. अर्ध्या पेल्यात पाकीट ओतलं की मिठाचं प्रमाण धोकादायक होतं. आणि थोडी पावडर आज, थोडी उद्या, असंही करू नये. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावं आणि ते पुन्हा उकळू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध बंद करू नये, पेज, मऊ भात चालू ठेवावा. डॉक्टर झिंक देतील ते जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करावं. पाकीट मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं, शौचातून रक्त आलं, तर घरचे उपाय सोडून थेट रुग्णालय गाठावं.

आणि ओआरएस हे रोज पिण्याचं आरोग्यपेय नव्हे. जिमनंतर किंवा प्रवासात सवयीने पिणाऱ्यांनी, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी, त्यात मीठ आहे हे विसरू नये.

जुलाबामुळे जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे 4 लाख 44 हजार मुलं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेबलांची लढाई एका डॉक्टरने लढून दिली. पुढचं काम दवाखान्यातल्या त्या दोन मिनिटांत तुम्हा-आम्हाला करायचं आहे. मूल पाणी पीत असेल तर सलाइन मागू नका. सरळ विचारा: डॉक्टर, ओआरएस आणि झिंक लिहून देता का?